काकांच्या रेकॉर्डी विकल्या, माझं चुकलं का?

वाचकाचं पत्र, नावगाव वगळून आणि थोडक्यात:

पत्रलेखक ४१ वर्षांचे आहेत, खासगी नोकरी करतात. नऊ वर्षांपासून ते ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या जमवतात, मुख्यतः नाट्यपदं आणि जुनी बैठकीची गाणी. त्यांच्या शहरात दहा-बारा संग्राहकांचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून सगळे रेकॉर्डी ऐकतात. गटातले सर्वांत जुने सदस्य (पत्रातले 'काका'), वय ७६, गेल्या दिवाळीनंतर मोठं घर सोडून मुलीच्या फ्लॅटवर राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी पत्रलेखकांना बोलावून ६० रेकॉर्डी दिल्या, शंभर रुपयांना एक याप्रमाणे. "जास्त नाही ना होत?" असं काकांनी विचारलं. "नाही काका, ठीक आहे," असं म्हणून यांनी सहा हजार रुपये दिले.

त्यांतली एक तबकडी अगदी सुरुवातीच्या काळातली, एकाच बाजूला गाणं असलेली होती. ती भारी किमतीची आहे हे हातात घेतानाच लक्षात आलं होतं, असं ते लिहितात. दुसरी एका छोट्या कंपनीची. तिचं दुर्मीळपण त्यांना दोन महिन्यांनी जुने कॅटलॉग चाळताना कळलं. मार्चमध्ये मुलाच्या क्लासची फी आली आणि त्यांनी पाच रेकॉर्डी ऑनलाइन विकायला काढल्या. एकबाजू रेकॉर्ड २२ हजारांना गेली, छोट्या कंपनीची १४ हजारांना, उरलेल्या तीन मिळून पाच हजारांना. एकूण ४१ हजार.

गटातल्या एकाने विक्रीसाठी टाकलेले फोटो पाहिले. कव्हरवर काकांच्या अक्षरात, जांभळ्या शाईने, खरेदीची तारीख होती. दुसऱ्या दिवशी गटाच्या व्हॉट्सॲपवर "आपल्यात दलाल शिरलेत" असा संदेश आला. काका एक शब्द बोलले नाहीत. दर गुरुवारी येणारा त्यांचा फोन मात्र थांबला.

पत्रलेखक विचारतात: किंमत त्यांनीच सांगितली, मी घासाघीस केली नाही. विकत घेतल्यावर वस्तू माझी. रद्दीवाल्याकडून वीस रुपयांत घबाड मिळालं की हाच गट कौतुक करतो. मग मीच चोर कसा? पैसे परत करावेत का? गट सोडावा का?

---

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा मी एकाच जागी अडखळलो. "जास्त नाही ना होत?" हा काकांचा प्रश्न तुम्ही पत्रात जाता जाता लिहिला आहे. माझ्या मते सगळं प्रकरण त्या प्रश्नात आहे. त्याच्याकडे येईनच. त्याआधी तुमच्यावर झालेला आरोप बाजूला करू, कारण तो डोक्यावर असताना माणूस नीट विचार करत नाही, नुसता बचाव करत राहतो.

दलाल हा शब्द तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जुन्या वस्तूंच्या छंदात विकणारा माणूस नसेल तर छंदच उरत नाही. मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी कित्येक वर्षं फिरलो आहे. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक रेकॉर्डी कुणीतरी नफ्यासाठी उचलून आणल्या, म्हणूनच माझ्यापर्यंत पोचल्या. वाडे पडत होते, माळे रिकामे होत होते. ट्रंकेत काय आहे ते न बघता ट्रंक भंगारात जात होती. त्या वेळी ती ट्रंक उघडून बघणारा माणूस चार पैशांच्या आशेनेच उघडत होता. लाखेची तबकडी काचेसारखी असते, पायरीवर पडली की तुकडे. तिला गोणीत न टाकता कागदात गुंडाळून ठेवायचे कष्ट कुणी घेतले असतील, तर ती विकली जाईल या भरवशावर. आपण संग्राहक त्या माणसाचे ऋणी आहोत. आणि गटातल्या ज्यांनी तो संदेश लिहिला किंवा त्याला अंगठ्याच्या खुणेने दाद दिली, त्यांनी दुबार आलेल्या रेकॉर्डी कधी विकल्याच नाहीत, यावर माझा विश्वास बसत नाही.

तेव्हा नफा घेणं ही चूक नाही. रेकॉर्ड विकणं ही चूक नाही. मुलाच्या फीसाठी विकली हे तर समजावून सांगायचीही गरज नव्हती. फी नसती आणि तुम्हाला नवी सुई घ्यायची असती, तरी माझं मत हेच राहिलं असतं.

आता तुमचं रद्दीवाल्याचं उदाहरण. ते चांगलं आहे, आणि नेमकं तेच तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

रद्दीवाला दुकान मांडून बसलेला असतो. त्याला किलोचा भाव कळतो, कुठल्या गिऱ्हाइकाला काय हवं असतं ते कळतं, आणि शंभर वस्तूंपैकी दोन आपल्या हातून स्वस्तात जातील हे धरूनच तो धंदा करतो. त्याने वीस रुपये सांगितले, तुम्ही वीस दिले, व्यवहार तिथे पूर्ण होतो. एक हकीकत सांगतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. ते ध्वनिमुद्रण मिळवायला ती तबकडी तयार करणाऱ्यांना न्यूयॉर्कमध्ये बरीच शोधाशोध करावी लागली. शेवटी विजेची उपकरणं विकणाऱ्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळीने भरलेल्या खोक्यात, तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. तिन्ही विकत घेतल्या. एकाच माणसाला तीनतीन कशाला हव्यात, याचं दुकानदारांना नवल वाटलं म्हणे. तिथे कुणी कुणाला फसवलं असं मला वाटत नाही. दुकान होतं, माल होता, किंमत होती.

कायदाही इथवर तुमच्याबरोबर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ फसवणुकीची व्याख्या करतं. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. दोन व्यापाऱ्यांचं उदाहरण दिलं आहे: एकाला भाव बदलल्याची खासगी खबर आहे, दुसऱ्याला नाही. पहिल्याने ती सांगायलाच हवी असं नाही. मी वकील नाही, आणि तुमचं प्रकरण कोर्टाचं नाहीच. पण त्याच कलमाखाली आणखी दोन उदाहरणं आहेत, ती मला फार माणसातली वाटतात. दोन्ही घोड्याच्या विक्रीची आहेत. घोड्यात खोड आहे आणि विकणारा गप्प आहे. घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरतो," आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं हेच त्याचं बोलणं झालं.

दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं की बाजारातलं मौन आणि घरातलं मौन सारखं नसतं.

तुमच्या व्यवहारात विकणारे काका आहेत आणि माहिती तुमच्याकडे आहे, एवढाच फरक. तुम्ही एकमेकांचे व्यापारी नव्हता. दर गुरुवारी फोन करणारा माणूस व्यापारी नसतो. त्यांनी प्रश्न विचारला तो वरवर पाहता "किंमत फार होते का" असा होता. पण तो विचारताना त्यांनी किमतीचा अंदाज तुमच्यावर सोपवला. तुम्ही उत्तर दिलंत, "ठीक आहे". ५९ रेकॉर्डींबद्दल ते उत्तर तुमच्या त्या वेळच्या समजुतीप्रमाणे खरं होतं. त्या एका रेकॉर्डबद्दल नव्हतं, आणि ते तुम्हाला त्याच क्षणी माहीत होतं. तुम्ही स्वतःच तसं लिहिलं आहे. न लिहिता चाललं असतं, मला कुठून कळणार होतं? तुम्ही लिहिलंत, म्हणून मलाही तुमच्याशी स्पष्ट बोलता येतं आहे.

इथे तुम्ही म्हणाल, काकांना नसेल का माहीत? मीही तोच विचार केला. ज्या माणसाने प्रत्येक कव्हरवर जांभळ्या शाईने तारीख घातली, त्याला आपल्याकडे काय आहे हे माहीत नसेल? भारतातली ध्वनिमुद्रणं १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. गायिका गौहरजान त्याच वेळच्या. त्या काळात तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला छापून यायच्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. एका बाजूला गाणं आणि दुसरी बाजू कोरी, अशा तबकड्या त्या आरंभीच्या वर्षांतल्या. गाणं संपल्यावर गाणाऱ्याने आपलं नाव सांगायचं, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात घोटाळा होऊ नये, ही पद्धतही त्याच वेळची. हे सगळं जुन्या संग्राहकांना पाठ असतं. तुम्ही नऊ वर्षांत शिकलात, ते काकांना बहुधा तुमच्या आधीपासून माहीत असणार.

समजा, त्यांना माहीत होतं. मग त्यांनी ती शंभर रुपयांना का दिली?

माझं उत्तर असं आहे. छंदातला माणूस छंदातल्या माणसाला जेव्हा स्वस्तात देतो, तेव्हा त्या किमतीचे दोन भाग असतात. शंभर रुपये ही विक्री. उरलेले जे काही हजार असतील, ती भेट. पैसे घेतले की समोरच्याला मिंधेपणा वाटत नाही, म्हणून शंभर रुपये घेतले जातात. फुकट दिलं असतं तर तुम्ही एक घेतली असती, साठ घेतल्या नसत्या. तेव्हा तो आकडा तुमची लाज राखण्यासाठी होता असं मला वाटतं. आणि ती भेट तुमच्या कानांना होती. काकांच्या डोक्यात चित्र असणार की एका संध्याकाळी तुम्ही पिन बदलाल, चावी द्याल आणि ते तीन मिनिटांचं गाणं ऐकाल. गटात वाजवाल, "ही काकांची" म्हणाल. त्यांच्याकडे जागा उरली नव्हती, ऐकणारा उरायला हवा होता.

हे माझं वाचन आहे, काकांच्या मनातलं मला काय कळणार. त्यांना खरंच माहीत नसेल, अशीही शक्यता आहे. डोळे अधू झाले असतील, घर आवरायची घाई असेल, मुलगी मागे लागली असेल. तसं असेल तर तुमचं "ठीक आहे" जास्त जड होतं. पण दोन्ही प्रकारांत एक गोष्ट बदलत नाही: भाव आणि किंमत यांच्यामधला फरक कुणाचा, हे तुम्ही एकट्याने ठरवलंत. ते काकांना विचारायला हवं होतं. विकायच्या आधी एक फोन. "काका, ती एकबाजू रेकॉर्ड विकावी म्हणतो, फी भरायची आहे, बावीस हजार येताहेत." ते "विक की, तुझीच आहे" म्हणाले असते, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. मग कव्हरवरची शाई कुणी कितीही ओळखली असती, तरी कुणाला बोलायला तोंड राहिलं नसतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण यातून मी स्वतः गेलो आहे.

बरीच वर्षं झाली. आमच्या ओळखीतले एक संग्राहक गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नीने मला बोलावलं आणि दोन खोकी पुढे केली. "वीस-वीस रुपये द्या, तुमच्याकडे राहतील तर ह्यांना बरं वाटेल." खोक्यात काय आहे ते मला बघताक्षणी कळलं. मी वीसच्या हिशेबाने पैसे मोजले आणि रिक्षा केली. त्यांतल्या चार रेकॉर्डी पुढे मी चांगल्या पैशांना विकल्या. वर्षभराने एका लग्नात त्या भेटल्या आणि त्यांनी फक्त एवढं विचारलं, "ऐकता ना हो अधूनमधून?" मला त्या लग्नात जेवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात पैशांचं पाकीट घेऊन गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट घेतलं, कपाटात ठेवलं, आणि मग विचारलं की त्यांतलं एक पद, त्यांचे पती रोज सकाळी लावायचे ते, माझ्याकडे अजून आहे का. ते मी विकलेल्या चारांत होतं. ज्यांना विकलं त्या गृहस्थांना गाठून त्यांच्याकडून ते कॅसेटवर उतरवून घेतलं आणि नेऊन दिलं. पैशांबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. कॅसेटबद्दल मात्र दर भेटीत बोलायच्या.

तेव्हापासून कुणाच्या मागे राहिलेला संग्रह घेताना मी एक करतो. जे ओळखू येतं ते मोठ्याने बोलतो. "ह्या पंधरा-वीस साध्या आहेत, पुष्कळ सापडतात. ह्या चार वेगळ्या आहेत, यांना चांगले पैसे येतील, दुसऱ्या कुणाला दाखवून खात्री करा, मग ठरवा." तोटा होतो कधी कधी. एकदा दुसऱ्या संग्राहकाने जास्त देऊन सगळं नेलं. ते योग्यच झालं. घरच्या माणसांना संग्रहातलं काही कळत नसतं, आणि त्यांच्या घरात दुसरं कुणी सांगणारं उरलेलं नसतं. तिथे गप्प बसायची मुभा मला कुठल्याही हिशेबाने दिसत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या रेकॉर्डबद्दल, ती छोट्या कंपनीची. तिचं ओझं तुम्ही पहिलीएवढंच वाहताय, आणि ते अनाठायी आहे. लोकांना वाटतं, नाव मोठं तर रेकॉर्ड महाग. प्रत्यक्षात बालगंधर्वांची पदं घरोघरी होती, प्रती उदंड निघाल्या, म्हणून त्यांच्या बऱ्याच तबकड्या आजही माफक पैशांत मिळतात. उलट मुंबईत वडाळ्याला कारखाना असलेल्या 'यंग इंडिया'सारख्या कंपन्यांच्या प्रती मोठ्या कंपन्यांइतक्या निघत नसत. एखाद्या विस्मरणात गेलेल्या गायिकेची अशी तबकडी संग्राहकाला हुरळून टाकते. हे कळायला लेबलं वाचावी लागतात, मधल्या कोऱ्या गोलातले क्रमांक भिंगाने बघावे लागतात, जुने कॅटलॉग चाळावे लागतात. तुम्ही दोन महिने ते केलंत. घेताना तुम्हाला माहीत नव्हतं, काकांनाही बहुधा नसावं. ते १४ हजार तुमच्या अभ्यासाचे आहेत. त्यांतून काकांना काही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, देणं लागता म्हणून देऊ नका. त्या तीन साध्या रेकॉर्डींचं तर मनातून काढूनच टाका.

राहिली ती एक.

तुम्ही विचारता, पैसे परत करावेत का. मी सांगेन, आधी भेटा. फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. आणि पाकीट घेऊन जाऊ नका. मी गेलो होतो, पण माझी गोष्ट वेगळी होती. तिथे समोरच्या बाईंना काही ठाऊकच नव्हतं. तुमच्या काकांना सगळं ठाऊक आहे, गटातून कळलंही आहे. दारात उभं राहून पाकीट पुढे केलंत तर त्यांना वाटेल, हा हिशेब मिटवून मोकळा व्हायला आला. आत बसा, चहा घ्या आणि सरळ सांगा: "काका, ती एकबाजू रेकॉर्ड भारी आहे हे मला घेतानाच कळलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बोललो नाही. नंतर ती बावीस हजारांना विकली. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." एवढं पुरे. फीची गोष्ट लगेच पुढे करू नका. ती खरी असली तरी पहिल्याच वाक्यात आली की सबब वाटते.

मग ते काय म्हणतात ते ऐका. बहुधा म्हणतील, अरे सोड. तरीही तुम्ही एकदा म्हणा की त्यातले निम्मे तुमचे असं मी धरतो. निम्मे का, असं विचाराल. इतकी वर्षं ती सांभाळली त्यांनी, गिऱ्हाईक शोधलं तुम्ही. यापेक्षा अचूक हिशेब मला सुचत नाही. फी भरण्यात पैसे गेले असतील तर तसं सांगा, दोन-चार महिन्यांत देतो म्हणा. ते नकोच म्हणाले तर ओढाताण करू नका, पण विषय तिथेच सोडून परतूही नका. त्यांना विचारा, "काका, तुमच्याकडे उरलेल्या रेकॉर्डी कुणी उतरवून घेतल्यात का?" त्या पैशांतून ते काम करता येईल.

यावरून एक विचारायचं राहिलं. विकण्याआधी तुम्ही त्या पाचही रेकॉर्डी उतरवून घेतल्या होत्या ना? पत्रात तसं काही नाही, म्हणून मला काळजी वाटते. भास्करबुवा बखल्यांचं एकही ध्वनिमुद्रण आज आपल्याकडे नाही. बालगंधर्वांचे गुरू, पण ते कसे गायचे हे आपण फक्त वाचतो. असं काही पुन्हा होऊ नये म्हणून तर आपण या काळ्या चकत्या जपतो. वस्तू एकाच्याच कपाटात राहणार, पण गाणं गटातल्या सगळ्यांकडे राहू शकतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. गीताचा आणि चालीचा हक्क वेगळा असतो, त्याची मुदत कवी-संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बंदिशींना बहुधा दोन्हींची अडचण येत नाही. उतरवून घेतलं नसेल तर ज्यांनी ती बावीस हजारांना घेतली, त्यांना आजच लिहा. एवढे पैसे मोजणारा माणूस ऐकणाराच असतो, तो नाही म्हणणार नाही. ते ध्वनिमुद्रण मिळालं तर काकांकडे जाताना घेऊन जा.

गट सोडू नका. पण पुढच्या बैठकीत स्वतःची सफाईही देत बसू नका. काकांशी बोलणं झाल्यावर, त्यांची परवानगी असेल तर, गटाला एवढंच सांगा की आमचं बोलणं झालं आहे. संदेश लिहिणाऱ्याला मात्र माझा एक प्रश्न पोचवा: कव्हरवरचं अक्षर ओळखू आलं तेव्हा तुम्ही यांना फोन का केला नाहीत? दहा-बारा जणांचा गट, एकमेकांच्या घरी जेवणारी माणसं. अशा ठिकाणी नाव न घेता सगळ्यांसमोर बोट दाखवणं मला तुमच्या मौनापेक्षा कमी टोचत नाही.

एखाद्या गटाने यावर नियम करावा का, असंही बरेच जण विचारतात. वर्षभर विकायची नाही, ठरावीक टक्क्यांहून जास्त नफा घ्यायचा नाही, वगैरे. मला हे नियम फारसे पटत नाहीत. वर्ष संपल्याच्या दुसऱ्या दिवशी विकणारा निघतो आणि त्याला कुणी काही म्हणू शकत नाही. दवाखान्याचा खर्च आला म्हणून अकराव्या महिन्यात विकणारा गुन्हेगार ठरतो. नफा मोजायचा कसा, हेही ठरत नाही, कारण आपल्याकडे या तबकड्यांना छापील भावच नाही. भेग आहे का, किती वाजली आहे, लेबल शाबूत आहे का, आणि त्या दिवशी समोर कोण आहे, यावर सगळं ठरतं. मला एकच रिवाज उपयोगी पडताना दिसला आहे: गटातल्या माणसाकडून घेतलेलं विकायचं झालं तर आधी त्याला सांगायचं, मग गटाला, मग बाहेर. त्याला परत हवी असेल तर घेतलेल्या किमतीलाच द्यायची. त्याला ती परत नको असेल तर कुणाचा नफा बुडत नाही, कारण बाहेर विकायला मनाई नाहीच.

तुमच्या पत्रात नसलेल्या, देणाऱ्याच्या बाजूबद्दलही थोडं लिहितो, कारण हे सदर काकांच्या वयाचेही बरेच लोक वाचतात. तुम्ही कुणाला प्रेमाने स्वस्तात देत असाल आणि त्याने ती विकू नये असं मनात असेल, तर ते बोला. "ही तुझ्याकडेच राहू दे" किंवा "विकलीस तर मला सांग" एवढं वाक्य. काहीजणांना हे बोलणं अविश्वासाचं वाटतं. मला उलट वाटतं. न बोललेली अट समोरच्याला कळत नाही आणि मोडली की दुखतं मात्र बोललेल्या अटीइतकंच. आणि तशी काही अट मनात नसेल, तर दिल्यानंतर तिचं पुढे काय झालं हे शोधत बसू नका. घेणाऱ्याच्या घरातही मुलांच्या फिया असतात. साठ रेकॉर्डी एकगठ्ठा देण्याऐवजी, वेगळ्या वाटतात त्या चार-पाच बाजूला काढून त्यांची किंमत वेगळी ठरवावी, हेही बरं. त्यात वाईट दिसण्यासारखं काही नाही. मुंबईत १९९० पासून भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची एक सोसायटी आहे. अशा ठिकाणच्या माहीतगारांना विचारलं तर कुठली रेकॉर्ड कशी, हे सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच.

आणि घेणाऱ्यांसाठी: कुणी तुम्हाला किंमत विचारली की जे माहीत आहे ते सांगा. विचारलंच नाही आणि समोर दुकानदार असेल तर तुमचं ज्ञान तुमचं. समोर मित्र असेल तर विचारायची वाट बघू नका. "यातली ही एक भारी आहे, हिचे जास्त घ्या" म्हटल्यावर दहातले आठ मित्र तरी म्हणतात, राहू दे, तूच घे. मग ती मनात कसलीही अढी न ठेवता घेता येते, आणि उद्या विकतानाही सांगता येतं.

तुमच्याकडे त्या साठातल्या पंचावन्न अजून आहेत. गुरुवारी जा, फोन यायचा त्याच वेळेला. काकांची मुलगी घरी असेल तर आधी तिला कळवून जा. एखादी रेकॉर्ड सोबत न्या, जिच्यावरची तारीख सर्वांत जुनी असेल ती. त्या फ्लॅटवर वाजवायला काही नसेल, म्हणून तुमचा चावीचा ग्रामोफोनही न्या. आणि पिनांची डबी विसरू नका, वाजवायच्या आधी नवी पिन घाला.